पहिली घागर

१

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास शिवलिंगआप्पा अनवाणी पळत माझ्या दारात आला. त्याच्या तोंडातून एकच वाक्य निघत होतं, "आई गेली, बाई, आई गेली."

ती गेली नव्हती, पण जायला फार वेळ लागणार नव्हता. गंगासागरबाई देवघरासमोर पाटावरून कलंडून पडल्या होत्या. तोंडाला फेस, अंग घामानं निथळत होतं आणि मांड्यांचं मांस आपोआप उडत होतं. पूजेसाठी गळ्यातून काढलेलं इष्टलिंग हातातून सुटून पाटाखाली गेलं होतं. मी पापणी उलटून पाहिली, तर डोळ्यातली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती.

मी जानकीबाई, सावळेगावच्या उपकेंद्रातली नर्स. नेकनूरहून एसटीनं दोन थांबे पुढं आलात की आमचं गाव. सव्वीस वर्षं इथं लसी टोचतेय, बाळंतपणं करतेय, नळाच्या पाण्यात पावडर पडते की नाही ते बघतेय. कापसाच्या हंगामात फवारणी करता करता रानात पडलेले गडी दरवर्षी माझ्याकडे आणतात. त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या अशाच झालेल्या असतात. पण गंगासागरबाईंनी चार वर्षांत रान पाहिलं नव्हतं. देवघर आणि नळ, एवढ्यातच त्यांचा दिवस जायचा.

फवारणीच्या गड्यांसाठी जपून ठेवलेली दोन्ही इंजेक्शनं मी दिली आणि जीप बोलवायला सांगितलं. "काय खाल्लं हिनं?"

"काय बी न्हाई बाई," शिवलिंग म्हणाला. "पूजेआदी ती कायच खात न्हाई. पूजा झाली, घागरीतलं गलासभर पाणी पेली, अन् म्हणली, तोंड कडू झालं."

घागर देवघराशेजारी होती, ओल्या फडक्यानं झाकलेली. मी फडकं काढलं. आतलं पाणी ताकाच्या निवळीसारखं पांढुरकं होतं आणि त्याला रॉकेलासारखा उग्र वास येत होता. बाजूला रांजण, दोन हंडे, पिंप, सगळं कालच्याच नळाचं. घरातल्या तिघांनी रात्रभर त्यातलं पाणी प्यालं होतं आणि तिघंही धडधाकट उभे होते.

"ही घागर कुणी भरली?" मी विचारलं.

गंगासागरबाईंची लेक प्रणिता दिवाळीला माहेरी आली होती ती अजून इथंच होती. तिनं नुसती मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं सात महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन शिवलिंगची बायको ईश्वरी उभी होती, आणि तिच्या ओठांतलं रक्त उडालं होतं.

२

यानंतर जे झालं त्याला माझी जीभ कारणीभूत आहे. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझं कौतुक करायला नको.

शिवलिंगला घेऊन जीप अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्याकडे गेली, तो आईला भरती करून रात्रीच परतणार होता, आणि मी पिशवीतली पाणी तपासायची पेटी काढली. ही तपासणी सोपी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाण्यात जंतुनाशक पावडर असेल तर पाणी पिवळं होतं. रांजणातलं पाणी पिवळं झालं. हंड्यांतलं झालं, पिंपातलं झालं. घागरीतलं मात्र तसंच पांढुरकं राहिलं. मी दुसऱ्यांदा केलं, तरी तेच.

"अरे, ह्यात पावडरच नाही," मी मोठ्यानं म्हणाले. "काल नळाला आलेलं पाणी हे नव्हेच."

दारात तोपर्यंत निम्मी गल्ली जमली होती. प्रणितानं लगेच तोंडाला पदर लावला. "बघा! नळाचं पाणी वतून दिलं अन् दुसरंच भरून ठिवलं. वैनी, माझ्या आईनं काय वाईट केलतं गं तुझं?"

"न्हाई वन्सं, शप्पथ," ईश्वरी म्हणाली. "नळाखाली धरली, भरली अन् आणून ठिवली. मदी कुठं खाली बी ठिवली न्हाई."

गल्लीला गंगासागरबाईंचा नेम पाठ होता. चार वर्षांपूर्वी नवरा वारल्यापासून त्या नळाला आलेलं पहिलं पाणी स्वतःसाठी राखायच्या. त्या घागरीला कुणी तोंड लावायचं नाही, त्यातलं पाणी दुसऱ्या कशाला वापरायचं नाही. दुसऱ्या सकाळी पूजेच्या वेळीच ती उघडायची, मग तीच पूजेला आणि तीच त्यांना प्यायला. म्हणजे घरात एकटीलाच मारायचं असेल, तर त्या घागरीइतकी सोपी जागा नव्हती. आणि घागर भरायचं काम ईश्वरीचं होतं.

शेजारच्या केशरबाईंनी शेवटचा घाव घातला. "मागल्या शुक्रवारी नळावर म्हातारी हिला बोलली, आंघुळ न करता घागरीला हात लावला म्हणून. तवा ही काय म्हणली ते मी ह्या कानानं ऐकलंय. म्हणली, एकदाची सुटका हू द्या माजी ह्या घागरीतनं."

ईश्वरीनं नाकारलं नाही. दुपारी नेकनूर ठाण्याचे फौजदार मोहनराव आले आणि त्यांनी घागर सील केली. मग प्रणितानं ईश्वरीच्या कडेवरचं लेकरू ओढून घेतलं. ते ज्या आवाजात किंचाळलं, तो मला आजही झोपेत ऐकू येतो.

३

"बाई माणसाला ठाण्यात कुठं ठेवू मी?" फौजदार म्हणाले. ते माणूस वाईट नव्हते, पण त्यांना घाई होती. "तुमच्याकडं राहू द्या. शुक्रवारी बीडला नेतो. म्हातारी जगली तर एक कलम, मेली तर दुसरं."

अशी ईश्वरी माझ्या क्वार्टरमध्ये आली. आणि खरं सांगायचं तर मी तिला घाबरत होते. पहिल्या रात्री मी तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही, माझा पाण्याचा माठ उचलून खाटेखाली ठेवला. ती कोपऱ्यात बसून सगळं बघत होती. तिचं दूध भरून पदर भिजला होता आणि लेकरू गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

बुधवारी सकाळी मी विचारलं, "पाणी पांढरं होतं, वास येत होता. तुला कळलं नाही?"

"कळलं की."

"मग ओतून का नाही दिलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुमीच सांगितलतं बाई. पावसाळ्यात मीटिंगीत म्हणलात, पाणी पांढरं दिसलं, औषधाचा वास आला तर भिऊ नका, ती पावडर हाय, वतून देऊ नका. मला वाटलं, बंकटनं पावडर जास्त टाकली."

मी खाटेवर बसले. माझेच शब्द होते ते, जसेच्या तसे. पावडरीच्या वासानं बाया पाणी ओतून देत आणि ओढ्याचं आणत, म्हणून मी घसा फोडून ते सांगितलं होतं. विषाचं पाणी या पोरीनं निरखून, हुंगून, माझ्यावर भरवसा ठेवून देवघरात नेलं होतं.

त्या दिवशी माझी तिच्याबद्दलची भीती गेली आणि दुसरी सुरू झाली. ईश्वरीनं पाणी बदललं नसेल, तर त्या नळातूनच विष आलं होतं. मग फक्त एकाच घागरीत कसं? आणि पुढं कुणाच्या?

"मला सोमवारचं सगळं सांग," मी म्हणाले. "बारीकसारीक."

"चार वाजता बंकट सायकलची घंटी वाजवत गेला. घंटी ऐकली की आमी मोटार लावतो. समदेच लावतेत. उशीर केला तर वरचीच घरं पाणी वढून घेतेत."

गेल्या दोन वर्षांत नेकनूरच्या दुकानात या छोट्या मोटारी किराणासारख्या मिळायला लागल्या होत्या. गल्लीत एकानं नळाला जोडली आणि मग कुणालाच तिच्यावाचून राहवेना.

"मग?"

"पाच-सात मिन्टं नळ नुसता गुरगुरला. मग पाणी आलं. मी घागर धरली. ती भरली अन् नळ परत कोरडा पडला. मला वाटलं वीज गेली, पर मोटार चालूच हुती. दहा मिन्टांनी मग चांगलं धो धो आलं, तवा बाकीचं भरलं."

४

गाव भ्यालं होतं. बुधवारपासून नळाचं पाणी कुणी तोंडाला लावेना. बाया मैलभर लांबच्या विहिरीवर जात आणि आपापली घागर डोळ्यासमोरून हलू देत नसत. सुना सासवांना पाणी देताना थरथरत, सासवा पाणी घेताना आधी वास घेत. दोन घरांतल्या माहेरी गेलेल्या सुना परत यायला तयार नव्हत्या.

मी आधी बंकटला गाठलं. टाकीवरून पाणी सोडायचं काम त्याचं. गंगासागरबाईंनी त्याची सरपंचाकडे तक्रार केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मला कावून इचारता बाई?" तो उसळला. "म्या टाकीत इख टाकलं असतं तर सारा गाव मेला असता की."

"घंटी वाजवल्यावर किती वेळानं पाणी सोडतोस?"

"घंटी वाजवत टाकीकडं जातो. व्हॉल्वची चावी फिरवायची, पाणी त्या गल्लीत शेवटाला पोचायचं, म्हणजे पाव घंटा धरा. सोमवारी वीस मिन्टं लागली असतील, चावी जाम झालती."

त्याचं म्हणणं मला पटलं. त्याची पावडर मी स्वतः पिवळी झालेली पाहिली होती. पण एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. ईश्वरीची घागर घंटी वाजल्यावर सात मिनिटांत भरली होती. तेव्हा पाणी टाकीतून निघालंही नव्हतं.

मग केशरबाईंचं घर. गंगासागरबाईंच्या भिंतीला भिंत. गल्लीचा पाइप इथंच संपतो, शेवटच्या तुकड्यावर ही दोनच घरं. केशरबाईंचा नवरा गहिनीनाथ, पंधरा एकरांचा धनी, आवाज मोठा. मोटार न लावणारं गल्लीत त्याचं एकच घर. त्यानं अंगणात कमरेइतका खड्डा खणून नळ खाली नेला होता, म्हणजे पाणी आपोआप उतरावं.

"मोटार लावून आमचं पाणी वढून नेते ती म्हातारी," तो म्हणाला. "मी सरळ सांगितलतं तिला, एक दिवस ही मोटार तुझ्या अंगाशी येईल. म्हणलो व्हतो, लपवत न्हाई. पर इख? छ्या! आपण बोलून मोकळं होणारा माणूस."

"सोमवारी चार वाजता तू कुठं होतास?"

"रानात. नळ उघडा टाकून गेलतो, नेहमीसारखा. येतं तवा येतं पाणी, वाट कोण बघत बसंल? रानातली हीर आटली, म्हणून फवारणीचं पाणी बी घरूनच न्यावं लागतं."

केशरबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी होता का घरी?"

"मी देवळात भजनाला," त्या म्हणाल्या. "घर बंद हुतं."

अंगणात निळा प्लास्टिकचा ड्रम होता. त्यात डोकावून पाहिलं, तर तो धुतलेला, कोरडा होता. मी घरी आले तेव्हा माझ्याकडे धमकी देणारा एक माणूस होता, रागावलेला एक माणूस होता, आणि दोघंही त्या घागरीजवळ गेले नव्हते. बंद घर, बंद देवघर, आणि मोटारीच्या तोंडाला लावलेली घागर. ईश्वरीशिवाय तिला कुणाचा हात लागलाच नव्हता.

गुरुवारी अंबाजोगाईहून निरोप आला. गंगासागरबाई शुद्धीवर नाहीत. आणि प्रणिताकडून दुसरा निरोप आला की लेकरू वरच्या दुधावर लावलंय, ईश्वरीनं आता काळजी करू नये.

त्या रात्री ईश्वरी पहिल्यांदा माझ्यासमोर रडली.

५

शुक्रवारी फौजदार पाच वाजता येणार होते. तीन वाजून गेले आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मी कापूस आणायला बाजारात गेले, म्हणजे दवाखान्याचा कापूस. सुग्रीवच्या खत-औषधांच्या दुकानात आरडाओरडा चालला होता.

"नकली औषध देतो का बे मला?" गहिनीनाथनं सुग्रीवची गचांडी धरली होती. "परदेशी कंपनी म्हणून दिलं! मंगळवारी मारलं, आज चौथा दिवस. एक अळी मेली न्हाई! उलट माझ्या बोंडांवर बसून हासतेत!"

"मालक, त्याच पेटीतलं बाकीच्या पंधरा जणांनी नेलं," सुग्रीव गळा सोडवत म्हणाला. "समद्यांच्या अळ्या गळून पडल्या. तुमचंच कावून नकली निघंल?"

मी थांबले. गहिनीनाथ औषधाला नावं ठेवत होता, मी मात्र सुग्रीवचे शब्द मनात घोळवत होते. पंधरा जणांचं औषध चाललं आणि एकाचं चाललं नाही. याचा अर्थ गहिनीनाथच्या फवाऱ्यात औषध नव्हतंच. ते कुठंतरी गेलं होतं.

"गहिनीनाथ," मी म्हणाले, "तू ड्रममध्ये औषध कधी टाकतोस? पाणी भरल्यावर?"

"भरल्यावर टाकलं तर ढवळत कोण बसंल? आदी बादलीभर पाण्यात औषध वतायचं, नळाचा पाइप तळापतुर सोडायचा, नळ उघडा टाकायचा. पाणी आलं की जोरानं पडतं, आपलं आपणच मिसळतं. सारा तालुका असंच करतो."

"नळाचा पाइप औषधात बुडलेला?"

"मग कशात बुडवायचा?"

"आणि आज?" मी विचारलं. "आज पाण्याचा दिवस आहे. आज काय केलंस?"

"काल ह्यानं दुसरी बाटली दिली ती सकाळीच वतून ठिवलीय. दुप्पट. आता तरी मरतेत का बघू."

लांबून, टाकीच्या वाटेवर, बंकटच्या सायकलची घंटी ऐकू आली.

आयुष्यात मी इतकी पळाले नव्हते. पंचावन्न वर्षांचं वजनदार शरीर, पायात स्लीपर, त्यातली एक वाटेतच राहिली. गल्लीत शिरले तेव्हा घरोघरच्या मोटारी घुमत होत्या, प्यायला नाही तरी वापरायला पाणी लागतंच. शिवलिंगच्या अंगणात प्रणिता नळापाशी वाकली होती, काखेत लेकरू, आणि दगडावर दुधाची बाटली, दुधाची भुकटी घालून तयार. लेकराची बाटली शिळ्या पाण्यात कालवायची नाही, ताजं पाणी घेऊन उकळायचं, हेही गावाला मीच शिकवलं होतं.

विष वहिनीनं टाकलं, नळाचं पाणी चांगलंच, असं ती धरून चालली होती, आणि पांढरं पाणी म्हणजे पावडर, हेही मीच शिकवलेलं. भरलेल्या घागरीत तिनं पेला बुडवला होता.

मी तो पेला हातानं उडवला. प्रणिता किंचाळली. घागरीतलं पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि रॉकेलाचा वास अंगणभर पसरला होता.

६

फौजदार पोचले तेव्हा अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. मी मोटार बंद केली होती, गल्लीतल्या सगळ्यांना मोटारी बंद करायला लावल्या होत्या, आणि बंकटला परत पाठवून चावी मारायला सांगितली होती.

"आता ही घागर कुणी भरली?" फौजदारांनी विचारलं.

प्रणिता भिंतीला टेकून उभी होती. "म्या भरली. पर म्या कायच टाकलं न्हाई हो साहेब! लेकराच्या बाटलीत म्या कशी..." आणि ती जे बोलली ते तिच्याच वहिनीचं वाक्य होतं, "नळाखाली धरली अन् भरली."

केशरबाई पुटपुटल्या, "म्हणजे इख हिनंच..."

"केशरबाई, गप्प बसा," मी म्हणाले. "फौजदारसाहेब, दहा मिनिटं द्या. ईश्वरीला बोलवा. तिनंही बघायला पाहिजे."

मी गहिनीनाथचा ड्रम बाजूला काढायला लावला. पंचायतीतून नवी बादली आणि नवा पाइप आणवला. बादलीत पाणी भरलं आणि विहिरीत टाकायच्या जांभळ्या खड्यांची चिमूट टाकली. पाणी वांग्याच्या रंगाचं झालं. ती बादली गहिनीनाथच्या अंगणात, भिंतीपलीकडे ठेवली. पाइपचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं खड्ड्यातल्या नळाला, नळ उघडा, सोमवारी होता तसा.

"आता साहेब, तुमच्या हातानं इथली मोटार लावा. लक्षात ठेवा, चावी बंद आहे. टाकीतून थेंबही येत नाही."

मोहनरावांनी बटण दाबलं. नळ गुरगुरला. बराच वेळ नुसती हवा येत होती आणि मी चुकले असते तर त्या पोरीला बीडला जावं लागणार होतं. आधी पाइपातलं उरलेलं पांढुरकं पाणी आलं, मी ते बाजूला सांडू दिलं. मग नळ खोकला, आणि घागरीत जांभळं पाणी पडायला लागलं.

एक म्हातारी मागं सरकून पायरीवर बसली.

"मोटार रिकाम्या पाइपातून ओढत राहते," मी म्हणाले. "पुढं पाणी नसेल, तर जिथं मिळेल तिथून ओढते. हा पाइपाचा शेवट आहे, शेजारचा नळ उघडा आहे आणि त्याचं तोंड औषधात बुडलेलं आहे. सोमवारी बंकटला चावी फिरवायला उशीर झाला. तेवढ्यात ड्रममधलं औषध उलटं पाइपात आलं आणि इथं बाहेर पडलं. बादलीभरच होतं, म्हणून एक घागर भरली आणि नळ कोरडा झाला. नंतर टाकीचं पाणी आलं, त्यानं पाइप धुऊन निघाला आणि बाकीची भांडी चांगली भरली. घागरीत पावडर सापडली नाही, कारण ते त्या दिवशीचं टाकीचं पाणी नव्हतंच, बादलीतलं शिळं होतं. एवढं मी बरोबर सांगितलं होतं. पुढचा विचार मात्र केला नाही. आणि इकडे ड्रममध्ये नुसतं पाणी भरलं. गहिनीनाथनं मंगळवारी कापसावर साधं पाणी मारलं, मग अळ्या मरतील कशा?"

गहिनीनाथ भिंतीपलीकडे खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्याचा मोठा आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "म्हणजे म्हातारीला म्या पाजलं?" तो म्हणाला. "बाई, म्या तर अळीसाठी वतलं हुतं. अन् आज लेकराला..." तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला. केशरबाई त्याचे हात धरायला धावल्या.

फौजदारांनी टोपी काढून घाम पुसला. "बाई, असे ड्रम गावात किती असतील?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक हात वर झाला. मग दुसरा. मी अकरापर्यंत मोजले आणि पुढं माझ्यानं मोजवलं नाही.

७

चावी परत सोडली. अर्धा तास पाणी गटारीत वाहू दिलं, पाच वेळा तपासलं, पाचही वेळा पिवळं झालं. मोटार कुणी लावली नाही. नळाची धार करंगळीएवढी होती.

तेवढ्यात अंबाजोगाईहून जीपवाला आला. गंगासागरबाईंनी डोळे उघडले होते आणि लिंग कुठंय म्हणून विचारलं होतं. हे ऐकून शिवलिंग ढसाढसा रडला. प्रणितानं पुढं येऊन लेकरू ईश्वरीच्या मांडीवर ठेवलं. ईश्वरी पायरीवर बसली, पदराआड त्याला घेतलं, आणि चार दिवस चाललेलं त्याचं कुरकुरणं एका क्षणात थांबलं.

गल्ली हळूहळू पांगू लागली. शिवलिंगनं डोळे पुसले, नळाकडे पाहिलं, आणि चार वर्षांच्या सवयीनं म्हणाला, "ईश्वरी, चल, पाणी चाललंय. भरून घे पटकन."

निघालेली माणसं थांबली. मलाही वाटलं की आता ही उठेल, कारण आमच्याकडच्या बाया उठतात.

ईश्वरी उठली नाही.

"तुमी भरा," ती म्हणाली.

"आं?"

"समद्या गावानं इचारलं, घागर कुणी भरली. तुमी मातर मला एकदा बी इचारलं न्हाई, तू केलं का म्हणून. चार दिवसांत क्वार्टरच्या दारापतुर बी आला न्हाईत." तिचा आवाज चढला नव्हता. "आता ह्या घरातलं पाणी तुमच्या हातचं. तुमी भरायचं, अन् आदी तुमीच प्यायचं. मग मी पिईन, मग माझं लेकरू."

शिवलिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी तपासायची पेटी बंद केली. मग त्यानं प्रणिताकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली. शेवटी त्यानं पेला उचलला आणि धारेखाली धरला. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता. मी पाचदा तपासलेलं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पेला ओठांपर्यंत नेला आणि हात तिथंच थांबला. त्यानं वास घेतला. पेल्यातलं पाणी हिंदकळून त्याच्या सदऱ्यावर सांडलं.

"प्या," ईश्वरी म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि प्याला.

ती बघत राहिली. पेला रिकामा झाल्यावरही ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसली. मग लेकराला खांद्यावर घेऊन उठली आणि घरात गेली. त्याला आत या म्हणाली नाही.